घंटेआधीच कान झाकणारा मुलगा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते इथे थोडक्यात देत आहे. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकतो, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत पहिली-दुसरी त्याने बऱ्यापैकी काढली. जूनमध्ये शाळा नव्या इमारतीत गेली आणि घडी विस्कटली. वर्ग २५ बाय २० फुटांचा, पटावर ४० मुलं. कोणी बाक ओढला की तो किंचाळतो. पत्र्याच्या शेडमध्ये खिचडी खायला जातच नाही. दोनदा वर्गातून पळाला तो थेट फाटकापर्यंत. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधीच कानांवर हात ठेवतो, म्हणून बाईंना ते नाटक वाटतं. मुख्याध्यापिका म्हणतात, "हळूहळू सवय होईल." सासूबाई म्हणतात, "घरी टीव्ही एवढा मोठा लावतो, तेव्हा कुठे कान दुखतात?" नवऱ्याचं म्हणणं, पदरचे पैसे घालून वर्ग साउंडप्रूफ करून देऊ. नणंद शहरातली विशेष शाळा सुचवते. आई विचारतात, "एका मुलासाठी अख्ख्या शाळेला कामाला लावायचं का? की मीच त्याला तिथून काढू?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं आहे. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "जुन्या शाळेत त्याला असं कधी झालं नाही." मुलगा तोच, वर्गशिक्षिका त्याच, मित्रही तेच. बदलली ती इमारत. तेव्हा मुलाला काय झालंय हे विचारण्याआधी त्या खोलीत काय होतंय ते बघू या.

जुन्या शाळेला कौलं होती, लाकडी वासे होते, खाली शहाबादी फरशी आणि तिच्यावर सतरंज्या, असं तुम्ही लिहिलं आहे. कौलांच्या फटींतून आवाज वरच्या वर निघून जायचा, वाशांवर विखुरला जायचा, सतरंजीत आणि तिच्यावर मांडी घालून बसलेल्या मुलांत मुरायचा. नव्या वर्गाला वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट, खाली चकचकीत टाइल्स आणि लोखंडी पायांचे बाक. झाडायला-पुसायला उत्तम, पण असे कडक पृष्ठभाग त्यांच्यावर येऊन पडलेल्या आवाजातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतात आणि बाकीचा परत खोलीत फेकतात. बाईंचा एक शब्द भिंतीवरून छतावर, छतावरून मागच्या भिंतीवर फिरत राहतो, आणि तो विरायच्या आत पुढचा शब्द येतो. पाटी न पुसता तिच्यावरच पुन्हा पुन्हा लिहीत गेलं, तर जे दिसेल ते इथे कानाला ऐकू येतं.

हे मोजता येतं. आवाज थांबल्यानंतर तो ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो, त्याला निनादकाळ म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं गेलं. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या वाढवत मोजमाप केलं, आणि खोलीचं घनफळ आणि आतल्या वस्तूंची शोषणक्षमता यांवरून निनादकाळ काढायचं सूत्र दिलं. ते आजही वापरतात. शोषणाचं एकक म्हणून त्याने धरली ती उघडी खिडकी, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

तुमच्या वर्गाची उंची ११ फूट धरून मी ढोबळ गणित मांडलं. ४० मुलं बसलेली आणि खिडक्या अर्धवट उघड्या असताना निनादकाळ सव्वा सेकंदाच्या आसपास येतो, रिकाम्या वर्गात तो बराच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शाळेच्या वर्गासाठी ०.६ सेकंद निनादकाळ आणि ३५ डेसिबल पार्श्वभूमीचा आवाज सुचवला आहे. ब्रिटनमध्ये नव्या प्राथमिक वर्गांना हीच ०.६ ची मर्यादा आहे, आणि ऐकण्या-बोलण्यात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खोल्यांसाठी ०.४. म्हणजे तुमचा मुलगा बसतो ती खोली धडधाकट कानांसाठी सुचवलेल्या मर्यादेच्याही दुप्पट घुमते.

आता मुलाकडे येते. वर्गात बसल्यावर तुमचा-माझा मेंदू पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातले पाढे, व्हरांड्यातल्या चपला हे सगळं न सांगता मागे सारतो आणि बाईंचा आवाज पुढे ठेवतो. अनेक स्वमग्न मुलांना हे आपोआप जमत नाही. सगळे आवाज सारख्याच जोराने अंगावर येतात. त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, मात्र बहुतेक वेळा अगदी नॉर्मल निघते, त्यामुळे घरच्यांना आणि शाळेला कोडं पडतं. (ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या. कानात मळ साचलेला असणं किंवा सर्दीने पडद्यामागे पाणी होणं या साध्या गोष्टी आधी बाजूला काढायला हव्यात.) ऑटिझमच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या निकषसंचात २०१३ पासून संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणं हे लक्षण म्हणून नोंदलेलं आहे. तेव्हा त्याचे फार लाड झालेत म्हणून तो असं करतो, हे कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

घंटेच्या आधीची ती पाच मिनिटं. त्याला वेळापत्रक पाठ आहे, घड्याळ कळतं, आणि घंटा आपल्या वर्गाच्या दाराशीच टांगली आहे हेही माहीत आहे. तो तिची वाट बघत असतो. बाईंना आवाजाआधी कान झाकणं नाटकी वाटतं, पण तो स्वतःला वाचवायची तयारी करत असतो, आणि त्या वेळात फळ्यावर काय चाललंय ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दिवसाला आठ तासिका धरल्या तर ४० मिनिटं झाली. त्याचं गणित मागे पडलंय असं तुम्ही लिहिलंत. मला त्याच्या बुद्धीपेक्षा या ४० मिनिटांची काळजी जास्त वाटते.

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. टीव्ही मोठा चालतो, मग बाक का नाही? कारण टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात असतो. कधी सुरू होणार, किती मोठा होणार, कधी थांबणार हे तो ठरवतो. बाक कधी करकरेल ते त्याला कळत नाही. आवाजाच्या जोराइतकाच त्याचा अचानकपणा आणि त्यावर आपला ताबा नसणं या मुलांना छळतं. सासूबाईंना हे सांगून बघा, पटेल.

म्हणूनच "सवय होईल" हे मला मान्य नाही. सवय लावण्याची रीतसर पद्धत आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आणि संवेदना हाताळायला मुलांना मदत करणारे तज्ज्ञ) तो आवाज अगदी हळू ऐकवून सुरुवात करतात, थांबवायचं बटण मुलाकडे देतात, आणि तो सुखात आहे हे बघूनच पुढे जातात. रोज पाच तास घुमणाऱ्या खोलीत बसवण्यात यातलं काहीच नाही. अशाने भीती पक्की होण्याचीच शक्यता अधिक.

तुमच्या यजमानांची तयारी बघून बरं वाटलं, पण पैसे घालण्याआधी एक गल्लत दूर व्हायला हवी. साउंडप्रूफ करणं म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ न देणं. त्यासाठी जड भिंती, घट्ट बंद होणारी दारं-खिडक्या लागतात, आणि मग उन्हाळ्यात त्या वर्गात ४० मुलं बसणार कशी? तुम्हाला हवंय ते आतल्या आतला आवाज शोषून घेणं. ते वेगळं काम आहे आणि पुष्कळ स्वस्त आहे. काही जण अंड्याचे ट्रे किंवा थर्मोकोल चिकटवायला सांगतील. दोन्हींचा उपयोग नगण्य आणि दोन्ही भसाभस पेटतात. रेकॉर्डिंग स्टुडिओत असतो तसला साधा फोमही मुलांच्या वर्गात नको, त्याला आग झटकन लागते आणि धूर विषारी असतो.

मग करायचं काय? छतापासून सुरुवात करा, कारण तिथे मुलांचे हात पोहोचत नाहीत आणि फळे-तक्ते लावायलाही ती जागा लागत नाही. मिनरल फायबरचे किंवा वुडवूल सिमेंटचे ध्वनिशोषक फलक बाजारात मिळतात. घेताना दुकानदाराकडून दोनच गोष्टी लेखी मागा: एनआरसी, म्हणजे फलक किती आवाज शोषतो याचा आकडा, किती (०.८ च्या आसपास असावा) आणि आगीसंबंधीचा दर्जा काय. साधं पीओपी किंवा गुळगुळीत जिप्समचं फॉल्स सीलिंग करू नका. दिसतं सुंदर, पण ते भाषणाचा आवाज जवळपास स्लॅबइतकाच परत फेकतं. माझ्या गणिताने तुमच्या वर्गाच्या ५०० चौरस फूट छतापैकी सुमारे ३०० चौरस फूट झाकलं, तर निनादकाळ ०.६ वर येतो. ०.४ हवा असेल तर जवळजवळ पूर्ण छत आणि मागच्या भिंतीचा वरचा भाग घ्यावा लागेल. शाळेच्या अभियंत्याला शंका असेल तर २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिनियंत्रणाचा स्वतंत्र विभाग आहे, तो बघायला सांगा.

एवढा पैसा लगेच उभा राहत नसेल, तर गोधड्या. मी अगदी मनापासून सांगते आहे. सात बाय पाच फुटांच्या सहा जाड गोधड्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर, मुलांच्या डोक्याच्या वरच्या उंचीला टांगल्या, तर सव्वा सेकंदाचा निनादकाळ एका सेकंदाच्या खाली यावा असा माझा अंदाज आहे. भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच अंतर सोडा, मागे हवा असली की जास्त आवाज मुरतो. कापूसही पेटतो, म्हणून स्विचबोर्ड आणि पंख्यापासून लांब, आणि हा उपाय तात्पुरता. धूळ धरते, तेव्हा महिन्यातून एकदा उन्हात झटकायची. मुलांच्या आज्यांनी शिवलेल्या गोधड्या वर्गात लागल्या तर कोणाला ते 'उपचार' वाटणारही नाही.

बाकांचं काम तर एका शनिवारी होईल. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून लोखंडी पायांना घट्ट बांधा, किंवा क्रिकेट खेळून जीर्ण झालेले टेनिस बॉल चिरून पायांत घाला. दुकानात रबरी बूटही मिळतात. पंखे तपासा. कुरकुरणाऱ्या पंख्याचं बेअरिंग बदललं की दिवसभराचा एक आवाज कायमचा जातो. घंटा दुसऱ्या टोकाला हलवता येईल का विचारा. नाहीच तर त्याची तयारी असल्यास घंटा त्यालाच वाजवायला द्या. आवाज तोच, पण तो कधी होणार हे त्याच्या हातात.

परिपाठाच्या वेळी कर्ण्याचं तोंड रांगांकडून वळवलं आणि त्याला रांगेच्या लांबच्या टोकाला उभं केलं, तरी पुष्कळ फरक पडतो. लेझीम-ढोलाचा सराव असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळीच त्याला सांगून ठेवा.

शेड हा कठीण भाग आहे. वर पत्रा, खाली कोबा, १५० मुलांच्या स्टीलच्या ताटल्या, आणि जेवण झाल्यावर त्या ताटल्या घमेल्यात फेकण्याचा खणखणाट. त्यात पाऊस लागला तर मोठ्यांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पत्र्याखाली ध्वनिशोषक थर लावला तर घुमणं कमी होतं, पावसाचा ताशा थोडा दबतो आणि उन्हाळ्यात उकाडाही कमी होतो, पण तो खर्च संस्थेचा. तोवर त्याला दोन मित्रांसोबत वर्गातच दहा मिनिटं आधी वाढता येईल का? एकट्याला नको, ती शिक्षा होईल. आणि ताटल्या फेकायच्या ऐवजी रचून ठेवायच्या, एवढा नियम सगळ्यांसाठी केला तर स्वयंपाकाच्या मावशीही दुवा देतील.

तो फाटकाकडे पळाला याने तुमचा जीव किती उडाला असेल ते मला कळतं. पण बघा, तो कुठेतरी शांत जागा शोधत होता आणि त्याला माहीत असलेली एकच शांत जागा शाळेच्या बाहेर होती. त्याला आत एक जागा द्या. ग्रंथालयाचा कोपरा, कपाटामागची सतरंजी, काहीही चालेल. एक रंगीत कार्ड ठरवा. ते बाईंच्या टेबलावर ठेवलं की न विचारता तिथे जायचं, आणि तिथे एक मोठं माणूस नजर ठेवून असेल. तिथे गेल्याबद्दल कोणी रागावायचं नाही, 'पुन्हा गेलास?' असंही म्हणायचं नाही. सगळ्या सूचनांतली हीच आधी अमलात आणा, कारण हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आवाज अडवणाऱ्या, कानावरच्या हेडफोनबद्दल तुम्ही विचारलं आहे. शेडमध्ये, परिपाठाला, गॅदरिंगला जरूर द्या. तास चालू असताना दिवसभर नको, कारण त्याने बाईही ऐकू येत नाहीत, आणि सतत शांततेत राहिलं की साधे आवाजही जास्त टोचू लागतात. बसायची जागाही त्यालाच विचारून ठरवा. बाईंपासूनचं अंतर दुप्पट झालं की त्यांच्याकडून थेट येणारा आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो, म्हणून पुढे बसणं बरं. पण काही मुलांना पाठीमागून येणारे आवाज सोसत नाहीत, त्यांना भिंतीला पाठ लावून बाजूला बसणं सुखाचं वाटतं. आठवडाभर दोन्हीकडे बसवून बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न, एका मुलासाठी अख्खी शाळा? घुमणाऱ्या खोलीत एक मूल बोललं की दुसरं त्याच्यावर आवाज चढवतं, मग बाई त्यांच्यावर. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो हे फ्रान्सचे डॉक्टर लोंबार्ड यांनी शतकापूर्वीच दाखवून दिलं. तुमच्या बाईंचा घसा नव्या इमारतीत आल्यापासून बसतोय का, विचारून बघा. सर्दीने कान दडपलेली मुलं, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं, मागच्या बाकावरची सगळीच मुलं ऐकण्यासाठी झगडत असतात. फरक एवढाच की ती ओरडत नाहीत. तुमचा मुलगा जे सांगतोय त्यात त्यांचंही गाऱ्हाणं आहे.

शाळेला हे पटवायला एक सोपी चाचणी आहे. पंखे चालू ठेवून बाईंनी फळ्यापाशी उभं राहायचं, वहीने तोंड झाकायचं आणि श्रुतलेखन घालायचं: पाट, ताट, खाट, घाट, थाट, भाट. असे वीस शब्द. मागच्या दोन रांगांतल्या मुलांनी काय लिहिलं ते बघा. गोधड्या लावल्यावर, बाकांना रबर चढवल्यावर तशाच दुसऱ्या शब्दांनी पुन्हा करा. मुख्याध्यापिकांपुढे डेसिबलचे आकडे ठेवण्यापेक्षा या दोन वह्या ठेवा. स्वमग्न मुलांच्या वर्गाबद्दलही थोडं संशोधन आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ध्वनिशोषक भिंती बसवल्यावर आणि दिवे बदलल्यावर विद्यार्थ्यांचं लक्ष वाढलेलं दिसलं. विद्यार्थी मात्र चारच होते, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. तुमच्या वर्गातल्या वह्या त्याहून जास्त बोलतील.

मागणी तोंडी करू नका. मुख्याध्यापिकांच्या नावे साधा अर्ज लिहा, सोबत निदानाच्या कागदाची प्रत जोडा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्यावा अशी विनंती करा आणि पोच घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना एकदा वर्गात येऊन बसायला सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मोजलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याच्या कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत. हे अर्जात एका ओळीत लिहा, धमकीच्या सुरात नको. ज्या बाईंसोबत मुलाला वर्षभर राहायचंय त्यांना सोबत घेऊनच हे काम होईल. उत्तरच आलं नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. पण तिथवर जायची वेळ बहुधा येणार नाही.

शाळा बदलण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. बाक, घंटा आणि शांत कोपरा हे या महिन्यात होईल, गोधड्या किंवा छत दिवाळीच्या सुट्टीत. मग दुसऱ्या सत्रातले दोन महिने वहीत रोज एक ओळ लिहा: कान किती वेळा झाकले, खिचडी खाल्ली का, कोपऱ्यात किती वेळ होता. तेवढं करूनही तो तसाच कासावीस राहिला, किंवा त्याला वर्गात मिळू शकत नाही अशा मदतीची गरज दिसली, तर विशेष शाळा हा चांगला पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी तिथल्या वर्गात मुलं असताना अर्धा तास बसून या. विशेष शाळांच्या खोल्याही पुष्कळदा अशाच स्लॅबच्या आणि टाइल्सच्या असतात.